चंडोलाचं तोंड कुणी बाटवलं?

९ ऑक्टोबर २००६, सोमवार

आज बागेत जाड्या माओच्या खिशात मोबाइल वाजला. साधी घंटा असती तर एकवेळ चाललं असतं, याचा मोबाइल तान्ह्या पोरासारखा रडतो. सतरा पिंजरे झाडांना टांगलेले आणि सतरा चंडोल एकदम गप्प. मी म्हटलं, "माओ, ते यंत्र खंदकात टाक, नाहीतर मी तुला टाकतो." तर म्हणतो, "थोंगबुवा, नातवाचा फोन होता." उद्या एखाद्या पाखराने ते रडणं उचललं म्हणजे? लोकांची चार-चार वर्षांची मेहनत मातीत जाईल आणि हा नातवाचं कौतुक सांगत बसेल.

ही वही मुद्दाम आजपासून सुरू केली आहे. बावीस डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, क्वान चौथेकाका माझा चंडोल ऐकणार आहेत. चौथेकाका एक्याऐंशी वर्षांचे. भावांमध्ये चौथे, म्हणून सगळी बाग त्यांना चौथेकाका म्हणते. बीजिंगच्या जुन्या खंदकाकाठच्या आमच्या बागेत त्यांचा शब्द शेवटचा. ते दगडी बाकावर बसतील, डोळे मिटतील, आणि माझा पठ्ठ्या तेरा बोल म्हणून दाखवेल. सकाळच्या चिमण्यांचा गलका, मग कवडा, पाकोळी, अंडं घातलेली कोंबडी, मांजर, घार, पाणगाडीचं कुरकुरणारं चाक, सगळं ठरल्या क्रमाने. एक बोल मागेपुढे झाला किंवा एखादा परका आवाज मध्ये शिरला की पाखराचं तोंड बाटलं. बाटलेल्या पाखराजवळ कुणी आपला पिंजरा टांगत नाही, कारण चंडोल एकमेकांचं उचलतात. आणि पास झाला तर माझा पठ्ठ्या गुरू. येत्या वसंतात अख्ख्या बागेची पिल्लं त्याच्या शेजारी शिकायला टांगली जातील. चार वर्षं मी दुसरं काही मागितलेलं नाही.

माझ्या घरात पाखरू बाटणं शक्यच नाही. छत्तीस वर्षं मी रेल्वेत गाड्यांची चाकं ठोकून ऐकली. हातोडीचा एक टोला मारायचो आणि आवाजावरून सांगायचो की या चाकाला केसाएवढी चीर आहे. तोच कान घरात वापरतो. रेडिओ विकून टाकला. दाराची घंटा काढली. टीव्हीचा आवाज बंद, बायको नुसती चित्रं बघते. पहिल्या वर्षी युनफांग म्हणाली होती, "आता या घरात आवाज करणारी मीच उरले. मलाही पिंजऱ्यासारखं निळ्या कापडाने झाका." तिला सगळ्याची थट्टा सुचते.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

जुने फ्रिज, जुने टीव्ही घेणारा तो तीनचाकीवाला पुन्हा आवारात शिरला. पूर्वी हे लोक निदान स्वतःच्या गळ्याने ओरडायचे. आता कर्णा लावतात आणि तीच ओरड तासभर वाजत राहते. पाच मजले उतरून गेलो. म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, "काका, आभाळ काय तुमच्या पाखराच्या नावावर आहे?" एवढंसं पोरगं, कालपरवा गावाकडून आलेलं, मला आभाळ शिकवतंय. कर्ण्याची वायर उपटली तेव्हा गेला.

वर आलो तर स्वयंपाकघरात पुन्हा खडीसाखरेत नासपती उकडत होती. दोन महिने हेच चाललंय. मी म्हटलं, "आपल्या घरात काय नासपतीचं झाड लागलंय?" युनफांग म्हणाली, "शरदाची हवा कोरडी असते. तुमच्या घशाला बरं." माझा घसा खणखणीत आहे, तीनचाकीवाल्याला विचारा. आणि माझ्या घशासाठी म्हणून करते, तर मला एक वाटी आणि स्वतःला दोन.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी जेवायला बसलो तोच युनफांगबरोबर तळ्याकाठी गाणाऱ्या बायकांपैकी दोघी दारात. घंटा नाही म्हणून थापा मारल्या. पाखरू घरात असताना थापा. त्यांना विचारायचं होतं की युनफांग परत कधी येणार. तेव्हा मला कळलं की ऑगस्टपासून ही गेलेलीच नाही. वीस वर्षं हीच पुढे उभी राहून सुरुवात करून द्यायची. मी विचारलं तर म्हणते, "कंटाळा आला. त्याच त्या जुन्या गाण्यांचा."

कंटाळा आला. मी चार वर्षं त्याच त्या तेरा बोलांचा कंटाळा केला का?

उन्हाळ्यापासून ती लहान खोलीत झोपते, माझ्या घोरण्याने झोपमोड होते म्हणून. अडतीस वर्षं घोरणं चाललं, आता चालत नाही. बायकांना उतारवयात काहीतरी निमित्त लागतं.  मोठा पलंग मला एकट्याला बरा पडतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

हिवाळ्याची कोबी आली. साठ गड्डे. दरवर्षी आम्ही दोघं मिळून वर नेतो, ती दोन-दोन आणि मी चार-चार. आज ती पहिल्याच खेपेला दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली. म्हणते, "जिना कुणी वाढवला का हो?" मी म्हटलं, जिना तेवढाच आहे, तुझा आळस वाढलाय. ती हसली आणि तिथेच बसून राहिली. साठच्या साठ गड्डे मी चौसष्टाव्या वर्षी एकट्याने चढवले. शेजारचा लू जिन्यात भेटला, त्याने न सांगता चार उचलले. मला उपकार नको होते.

तिचा गेल्या वर्षीचा कापूस भरलेला कोट खांद्यावरून ओघळतो. धुऊन सैल झाला म्हणते. आजकाल कापडसुद्धा धड मिळत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहून टाकतो.

सकाळी सव्वासातला नेहमीच्या झाडाला पिंजरा टांगला. निळं कापड काढलं. पठ्ठ्या वाळूवरून मधल्या चौथऱ्यावर चढला, पंख फुगवले, चिमण्या म्हटल्या, कवडा म्हटला. चौथेकाका बाकावर मान हलवत होते. पाकोळी झाली. कोंबडी झाली. आता मांजर येणार. आणि मांजराच्या जागी तो खोकला.

माणसाचा खोकला. दोन आखूड, तिसरा तोंड दाबून काढलेला, आणि शेवटी घशातल्या घशात बारीक "हं". मग त्याने मांजर म्हटलं, जणू काही झालंच नाही.

  रीत अशी की बाटलेल्या पाखराच्या मालकाने स्वतःच कापड टाकायचं आणि निघून जायचं. पण मी कापड हातात धरून तिथेच उभा राहिलो. तेव्हा जाड्या माओने आपल्या पिंजऱ्यावर कापड टाकलं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. मोबाइल रडवणारा माओ माझ्यापासून पाखरू झाकतो. मी चौथेकाकांकडे पाहिलं. ते खंदकाकडे बघत होते.

घरी येऊन युनफांगला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "खोकला?" मी म्हटलं, होय, खोकला, माझ्या चार वर्षांच्या छाताडावर कुणीतरी खोकलंय. ती बराच वेळ पाण्यात हात घालून उभी राहिली. तिलाही किती लागलं ते मला दिसलं. शेवटी माझी मेहनत ती तिचीही आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर विचार केला. बागेत कुणी खोकत नाही, खोकणाऱ्याला तिथे उभंच करत नाहीत. म्हणजे आवाज घरात शिरला. पिंजरा काचेच्या गॅलरीत असतो. सकाळी बाग, मग जेवण, मग पाखराला कापड टाकून मी गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जातो. गरम पाण्यात दोन डुबक्या, एक डुलकी, बुद्धिबळाचे तीन डाव, आणि पाचला परत. गेली दहा वर्षं हेच. तेव्हा गुन्हा एक ते पाचच्या दरम्यान घडतो.

या वेळात गॅलरीत ऊन येतं म्हणून युनफांग तिथेच विणत बसते. पहारेकरी जागेवर असून चोरी होते, ही कमाल आहे. मी तिला विचारलं, "दुपारी तुला कुणाचा खोकला ऐकू येतो का? खरं सांग." ती विणकामाचे टाके मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "भिंतीपलीकडून येत असेल."

भिंतीपलीकडे लू. विधुर. पोस्टातून निवृत्त. चाळीस वर्षं सिगारेटी फुंकल्या त्याने. मला आधीच सुचायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

लूच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "खोकून दाखव."

तो म्हणाला, "काय?"

"खोक. तुझा खोकला ऐकायचाय."

"थोंगबुवा, डोकं ठिकाणावर आहे ना? मी मे महिन्यात सिगारेट सोडली. मला साधी शिंकसुद्धा येत नाही आता."

मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. गॅलरीच्या भिंतीला लागून तुझी खाट आहे, तू दुपारी पडून खोकतोस आणि माझं पाखरू बाटवतोस. ज्या पाखराला मी रेडिओ ऐकू दिला नाही त्याला तुझ्या फुप्फुसाचा कचरा ऐकवतोस. आवाज चढला होता माझा, खालच्या मजल्यावरची दारं उघडली. लूने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "भिंत दोन्ही बाजूंनी पातळ असते, थोंगबुवा."

याला म्हणतात उद्धटपणा. मला सांगतो की माझ्याही घरातलं त्याला ऐकू येतं. काय ऐकू येणार? माझं घर म्हणजे थडगं आहे, एवढं शांत. तसं सांगितलंही. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, हा रडतो की काय. मग दार लावून घेतलं. सिगारेट सुटली की माणसं हळवी होतात म्हणे.

युनफांग जेवताना म्हणाली, "लूला कशाला बोललात? भला माणूस आहे." मी म्हटलं, तूच तर भिंत दाखवलीस. ती अर्धी वाटी भात तसाच ठेवून उठली.

२० नोव्हेंबर, सोमवार

चौथेकाकांच्या घरी गेलो. पिंजरा नेला नाही, त्यांच्या दारात बाटलेलं पाखरू नेण्याइतका मी निर्लज्ज नाही. त्यांनी चहा दिला. मी म्हटलं, काका, शेजाऱ्याच्या एखाददुसऱ्या खोकल्याने घात झाला.

ते म्हणाले, "एखाददुसऱ्याने चंडोल काही उचलत नाही, थोंग. तुला मांजर शिकवायला किती दिवस लागले?"

"शंभरेक."

"मग? रोज, तेच, जवळून, शंभर दिवस कानावर पडलं तर तो ते आपलं म्हणतो. भिंतीपलीकडून नाही. तुझ्या पाखराच्या हातभर अंतरावर कुणीतरी शंभर दिवस खोकतंय."

मी म्हटलं, हे शक्य नाही, तिथे माझ्या बायकोशिवाय कुणी नसतं. चौथेकाका चहाच्या पेल्यात बघत राहिले. मग म्हणाले, "बावीसपर्यंत मुदत देतो. त्या आवाजापासून लांब ने. तोवर विसरला तर ऐकेन. नाहीतर दुसरी बाग बघ."

वयाने त्यांचाही कान गेला असावा. हातभर अंतर म्हणे. पण मुदत दिली, हे महत्त्वाचं. मी ठरवलं, उद्यापासून पाखरू दुपारी घरात ठेवायचंच नाही. जाईन तिथे बरोबर.

घरी सांगितलं. मला वाटलं, युनफांग म्हणेल, थंडीत कुठे फिरवता त्याला. ती उलट म्हणाली, "न्या. खरंच न्या." इतक्या घाईने म्हणाली की मला जरा राग आला. पाखराचा त्रास होत होता तर आधी सांगायचं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

न्हाणीघरवाला म्हणतो, वाफेत पाखरू चालणार नाही. जणू मी त्याला आंघोळ घालायला नेतोय. शेवटी चपला ठेवतात त्या खोलीत पिंजरा ठेवायची परवानगी मिळाली. मी डुबकी सोडली, डुलकीही सोडली, चपलांच्या वासात पिंजऱ्याजवळ बसतो. जन्मभर कष्ट केलेल्या माणसाला म्हातारपणी चपलांची राखण.

पण फळ मिळतंय. काल पठ्ठ्या मांजराआधी नुसता थबकला. आज खोकलाच नाही. सकाळी खंदकाच्या पलीकडच्या काठावर एकटा टांगला होता, तिथून माओने ऐकलं आणि हात वर केला. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

म्हणजे दोष घरातच होता हे सिद्ध झालं. लूला अजून वाटत असेल मी विसरलो. मी विसरलेलो नाही.

६ डिसेंबर, बुधवार

न्हाणीघराचा बॉयलर बिघडला. दार बंद. दोनला परत फिरलो. चौथा मजला चढून श्वास घेत होतो. माझ्या हातात पिंजरा, पिंजऱ्यावर कापड, आत पाखरू गप्प. आणि वरून खोकला आला. दोन आखूड, एक दाबलेला, शेवटी "हं".

मला आनंद झाला हे इथे लिहून ठेवतो. चोर सापडला म्हणून आनंद झाला. उरलेला मजला मी पळत चढलो आणि लूच्या दारावर मूठ आपटली.

लूने दार उघडलं. त्याच्या हातात नूडलचा वाडगा होता, तोंड भरलेलं होतं. भरल्या तोंडाने कुणी तसं खोकत नाही. आणि खोकला पुन्हा आला, माझ्या पाठीमागून, माझ्या दारामागून. कापडाखालून पाखराने त्याला उत्तर दिलं. आठ दिवस विसरलेला खोकला त्याने जसाच्या तसा म्हटला.

लूने वाडगा जमिनीवर ठेवला. माझ्या हातातून पिंजरा काढून घेतला. म्हणाला, "आत जा."

आज एवढंच लिहितो.

८ डिसेंबर, शुक्रवार

मी आत गेलो तेव्हा ती गॅलरीत काचेला कपाळ टेकून उभी होती. रुमाल तोंडावर. मला बघून तिने रुमाल मुठीत घेतला, पण मी मूठ उघडली. रुमालावर गुलाबी डाग होता.

मी ओरडलो. खूप ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "बावीसनंतर सांगणार होते. पंधरा दिवसच राहिले होते." मी म्हटलं, बावीसला काय आहे? ती माझ्याकडे बघत राहिली. मला खरंच त्या क्षणी आठवेना बावीसला काय आहे.

काल मोठ्या दवाखान्यात नेलं. पहाटेपासून रांग, मग दुसरी रांग, मग फोटो, मग परत पहिली रांग. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत कागद नेणारी माणसं, जणू सगळं बीजिंग आजारी पडलं आहे. आज डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला. आमच्या मुलीच्याही वयाची नसेल. युनफांगला विचारलं, "आजी, खोकला किती दिवस?"

"दोनेक आठवडे," ही म्हणाली. अजूनही.

मी म्हटलं, "ऑगस्टपासून. पहिल्या आठवड्यापासून. त्याआधीही असेल, पण त्यानंतर नाही."

"इतकं नक्की कसं सांगता?"

मी सांगितलं. चंडोलाला एक आवाज उचलायला शंभर दिवस लागतात, बारा नोव्हेंबरला त्याने तो बागेत म्हटला, मागे मोजा. बाईंनी लिहिणं थांबवलं. हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर ऑगस्ट लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला घरात ऐकू आला नाही?"

 छत्तीस वर्षं केसाएवढी चीर ऐकणारा माणूस आहे म्हणून सांगू? लू भिंतीपलीकडून ऐकत होता. चौथेकाका न ऐकता समजले होते. मी तिला नासपतीच्या वाट्या मोजून दाखवत होतो.

उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठ आहे. कापून काढता येईल असं म्हणतात. ऑगस्टमध्ये आला असतात तर आम्ही जास्त खात्रीने म्हणालो असतो, असंही म्हणतात. एकोणीस तारीख दिली आहे. मुलगी शेनझेनहून निघाली आहे.

११ डिसेंबर, सोमवार

सकाळी बागेत गेलो. पिंजरा घेऊन गेलो, नेहमीच्या झाडापाशी, सगळ्यांच्या मध्ये. माओने आपल्या पिंजऱ्याच्या कापडाला हात घातला. मी म्हटलं, "थांब, टांगत नाही. सांगायला आलोय. बावीस तारीख नको."

बातमी लूने कधीच पोचवली होती. माओ जवळ आला. म्हणाला, "थोंगबुवा, पाखरू माझ्याकडे द्या. वेगळ्या खोलीत ठेवतो, रोज माझ्या पाखराची कॅसेट ऐकवतो. वसंतापर्यंत तोंड स्वच्छ करून देतो. वहिनींच्या दुखण्यात तुम्हाला तेवढंच एक ओझं कमी."

चांगल्या मनाने म्हणाला, हे आता कळतंय. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कसलं स्वच्छ? काय घाण लागली आहे त्याच्या तोंडाला? चिमणी चालते, कोंबडी चालते, गल्लीतलं मांजर चालतं, शंभर वर्षांपूर्वी मोडून गेलेल्या गाडीचं चाक चालतं, आणि माझी बायको चालत नाही? तुमच्या तेरा बोलांत एक तरी माणसाचा आहे का? माझ्या घरात एक जीव चार महिने तोंड दाबून खोकत होता आणि तो आवाज ज्याने उचलला तो बाटलेला, आणि ज्याने नाही उचलला तो मी, शुद्ध. मला रोज इथे मानाने उभं करत होता तुम्ही.

त्यांचा काय दोष? नियम मीच सगळ्यात कडक पाळायचो. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याच्या पाखराने कुत्रं म्हटलं तर मीच त्याला गेटपर्यंत हाकलत नेलं होतं. पण बोलून बसलो.

 चौथेकाका बाकावरून काठी टेकत उठले. माझ्या पिंजऱ्यावरचं कापड त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला केलं, आत पाहिलं. मग म्हणाले, "तुमची चौथीकाकू गेली तेव्हा माझ्याकडे अकरा पाखरं होती, थोंग. सगळी शुद्ध होती."

आणि त्यांनी पिंजरा नेहमीच्या फांदीला टांगला. पठ्ठ्याने त्या गर्दीत काहीच म्हटलं नाही. चिमण्याही नाही. मी दहा मिनिटं उभा राहिलो आणि घेऊन आलो.

१८ डिसेंबर, सोमवार

उद्या सकाळी साडेसातला तिला आत नेणार. खोलीत सहा खाटा आहेत, तिची खिडकीजवळची. मुलगी खाली गरम पाणी आणायला गेली होती. लूने खिमट करून पाठवलं आहे, पाखरूही सध्या त्याच्याकडेच आहे. त्याची माफी मागायला गेलो तर म्हणाला, "आधी हे खिमट न्या, सांडेल."

युनफांगच्या अंगावर दवाखान्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आहेत. त्यात ती अजून बारीक दिसते. मी सफरचंद सोलत होतो. आठवडाभर दाबून ठेवलेलं मग तोंडातून गेलंच. म्हटलं, "अडतीस वर्षं एका घरात राहिलो. मी काय परका होतो? एका पाखराला सांगितलंस आणि मला नाही."

ती छताकडे बघत होती. रागावली नाही. थट्टेच्याच आवाजात म्हणाली, "त्याला कुठे सांगितलं मी, थोंगबुवा? त्याने ऐकलं."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागली. माझ्या हातातलं सफरचंद अर्धं सोललेलं तसंच राहिलं.

मग तिला खोकला आला. सवयीने तिने रुमाल शोधला, पण तो माझ्याकडे होता आणि मी दिला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली ठेवला. ती खोकली, मोठ्याने, न दाबता, उशीवरून मान उचलली जाईपर्यंत. त्यात दोन आखूड नव्हते, तिसरा दाबलेला नव्हता, शेवटचा "हं" नव्हता. हा वेगळाच आवाज होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो संपेपर्यंत ऐकला.